मालिकेतील पाचवी कादंबरी आधी वाचावी का, आणि अंतराळयुद्धाची पाने गाळली तर चालेल का?

आपण विचारले आहे की, ‘द एक्सपान्स’ या इंग्रजी विज्ञान-कादंबऱ्यांच्या मालिकेतील ‘नेमेसिस गेम्स’ ही पाचवी कादंबरी हाती आली आहे, तर ती थेट वाचायला घ्यावी का, आणि लढायांची वर्णने डोक्यावरून जात असतील तर ती पाने गाळून पुढे गेल्यास काही बिघडते का. माझे मत असे आहे की थेट पाचवी घेऊ नये आणि लढायांची पाने तर मुळीच गाळू नयेत.

मीही हेच केले होते. अप्पा बळवंत चौकाजवळ जुनी पुस्तके चाळताना मला हीच पाचवी कादंबरी मिळाली आणि मी ती निःशंकपणे उचलली, कारण पुण्यात वाढलेल्या माझ्यासारख्या वाचकाची मालिकेची कल्पना फास्टर फेणेवर बेतलेली असते. फुरसुंगीच्या बनेशचे कोणतेही पुस्तक आधी वाचले तरी अडत नाही. ते साहस त्या पुस्तकातच सुरू होऊन तिथेच संपते. ‘द एक्सपान्स’चे तसे नाही. जेम्स एस. ए. कोरी या एकाच टोपणनावाने डॅनियल एब्रहॅम आणि टाय फ्रँक या दोघांनी 2011 ते 2021 या काळात लिहिलेल्या नऊ कादंबऱ्या म्हणजे एकच सलग कथानक आहे. त्यातही पाचवीत ‘रोसिनान्ते’ या जहाजावरचे चौघे सोबती एकमेकांपासून दूर जातात आणि ज्याचा त्याचा भूतकाळ ज्याच्या त्याच्यासमोर उभा राहतो. ते एकत्र असताना आपण त्यांच्यासोबत राहिलेलोच नसू, तर त्यांच्या ताटातुटीचे दुःख आपल्याला कुठून होणार? मला प्रसंग कळत होते, पण एकही मनाला भिडत नव्हता. शेवटी ती कादंबरी बाजूला ठेवून मी पहिल्या ‘लेविअथन वेक्स’पासून पुन्हा सुरुवात केली.

आता लढायांविषयी. त्या समजण्यासाठी एकच गोष्ट आधी मनात पक्की करावी: या जहाजांत ‘खाली’ म्हणजे इंजिनाची दिशा. जहाजाचे मजले इमारतीच्या मजल्यांसारखे एकावर एक रचलेले असतात, तळाशी इंजिन असते, आणि ते चालू असेपर्यंतच माणसांना वजन असते. स्वारगेटहून निघालेल्या बसने वेग घेतला की आपण आसनाच्या पाठीला दाबले जातो. तोच दाब दिवसचे दिवस चालू राहिला आणि आसनाची पाठ हीच जमीन झाली, असे समजावे. प्रवासाच्या बाबतीत लेखकांनी घेतलेली मोठी सूट म्हणजे अगदी थोड्या इंधनावर दीर्घकाळ चालणारे एपस्टाइन इंजिन. तेवढे मान्य केले की बाकीचे गणित आपणही करू शकतो. पृथ्वीच्या गुरुत्वाइतके त्वरण ठेवून निम्मी वाट कापली, मग जहाज उलटे फिरवून उरलेल्या वाटेत तितक्याच जोराने वेग उतरवला, तर 22.5 कोटी किलोमीटरचे अंतर, म्हणजे साधारण पृथ्वी ते मंगळ, सुमारे साडेतीन दिवसांत पार होते. मी हे कागदावर मांडून पाहिले, आणि त्यानंतर जहाज उलटे फिरल्याचा साधा उल्लेखही मला अर्थपूर्ण वाटू लागला.

पाठलागात हेच त्वरण कित्येक पटींनी वाढते. ते दहापट झाले तर 60 किलोच्या माणसाला आपले शरीर 600 किलोचे झाल्यासारखे वाटेल, रक्त मेंदूपर्यंत पोचणे अवघड होईल. म्हणून कथेतील माणसे जेलने भरलेल्या आसनांत पडून राहतात आणि त्यांच्या शिरांत औषधांचे मिश्रण सोडले जाते. टॉर्पेडो चुकवण्यासाठी अधिक जोर लावावा, तर आपलाच माणूस दगावण्याची भीती असते. लघुग्रहांच्या पट्ट्यात कमी गुरुत्वात वाढलेली माणसे उंच आणि बारीक हाडांची असतात, त्यांना पृथ्वीचे वजनच सोसत नाही. तेव्हा पृथ्वी, मंगळ आणि पट्टा यांच्यातील राजकीय वैर इंजिनाचा जोर वाढवताच शरीरात उतरते. (याच पट्ट्यातील लोक मान हलवण्याऐवजी हातांनी खुणा करतात, कारण अंतराळपोशाखात मान हललेली दिसत नाही. असे तपशील मला फार प्रिय आहेत.) लढाईची पाने गाळली, तर या वैराचे कारण केवळ भाषणांतून कळते, जाणवत नाही.

वाचताना जवळ एक कागद ठेवावा आणि प्रत्येक लढाईपूर्वी तीनच गोष्टी टिपाव्यात: कोणाचे जहाज कोणत्या दिशेने चालले आहे, कोण वेग वाढवते आहे, आणि कोणाला थांबायचे आहे. पहिल्या कादंबरीत होल्डन आणि मिलर या दोन मुख्य पात्रांची प्रकरणे आलटून-पालटून येतात, त्यामुळे प्रकरणाच्या सुरुवातीचे नाव वाचल्याशिवाय पुढे जाऊ नये. चौथी ‘सिबोला बर्न’ मुख्यतः एका परक्या ग्रहावर घडते आणि मला ती रेंगाळलेली वाटली. ती वेगाने वाचली तरी चालेल, पण वगळू नये.

नऊ जाडजूड कादंबऱ्यांची धास्ती वाटत असेल, तर सहावीनंतर निश्चिंतपणे थांबता येईल, कारण सहावी आणि सातवी यांच्यामध्ये कथेतील जवळजवळ तीस वर्षे उलटतात. आपल्याजवळची पाचवी मात्र तोवर कपाटात जपून ठेवा. पहिल्या चार वाचून झाल्यावर ती उघडाल, तेव्हा ते चौघे आपल्या ओळखीचे झालेले असतील.