बोगद्यासाठी झाडं तोडायची नोटीस: सात दिवस उलटले, आता काय?

प्रश्न: आमची गृहनिर्माण संस्था ठाण्यात मानपाड्याजवळ आहे. ठाणे-बोरिवली जुळ्या बोगद्याच्या कामासाठी रस्त्याकडेच्या नऊ आणि आमच्या कुंपणातल्या पाच झाडांवर नोटिसा लागल्या आहेत. हरकतीचे सात दिवस कधीच संपले. परवा ‘नुसती झुडपं काढतो’ म्हणत कामगार कुंपणाच्या आत आले आणि एका आंब्याच्या फांद्याही उतरवून गेले. आता काही करता येईल का? (सचिव, ठाणे)

उत्तर: सचिव महोदय, करता येईल. तुमचे सात दिवस गेले ते जाहीर सूचनेतले. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, 1975 च्या कलम 8 मध्ये याशिवाय दुसरी संधी आहे आणि नेमकी तीच लोक हुकवतात. वृक्ष प्राधिकरणाने परवानगी दिली तरी त्यानंतर 15 दिवस झाड तोडता येत नाही. परवानगीवर हरकत आली, तर प्राधिकरणाने हरकतदाराला ऐकून दोन आठवड्यांत फेरविचार करायचा असतो आणि तो निर्णय होईपर्यंत तोड थांबते.

हे 15 दिवस परवानगीच्या तारखेपासून धावतात, तुम्हाला कळल्यापासून नाही. म्हणून परवानगी दिली का, कधी दिली, याची महापालिकेच्या वृक्ष विभागात आजच लेखी विचारणा करा आणि आवक शिक्का घ्या. माहिती अधिकाराचा अर्जही टाका, पण त्याला 30 दिवस लागतात, तेव्हा त्याच्या भरवशावर राहू नका.

हरकत कशी लिहायची यावर निम्मं काम अवलंबून आहे. ‘पर्यावरणाचा ऱ्हास होत आहे’ असं दोन पानी पत्र एका ओळीच्या शेऱ्याने निकाली निघतं. प्रत्येक झाडाचा क्रमांक, जात आणि जमिनीपासून साधारण साडेचार फुटांवर मोजलेला बुंध्याचा घेर लिहा. टेप लावून, क्रमांक दिसेल असा फोटो जोडा. मग झाडतोडीच्या अर्जासोबतचा स्थळदर्शक नकाशा मागवून ताडून बघा: झाड खरोखर बोगद्याच्या तोंडाच्या किंवा पोचरस्त्याच्या आखणीत येतं, की फक्त पत्र्याचं कुंपण, कामगारांची वस्ती नाहीतर डंपर उभे करायची जागा हवी म्हणून जातंय? बोगदा दहा किलोमीटरहून लांब आणि बराचसा संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या खालून जाणारा. इतक्या मोठ्या कामाची आखणी पाच झाडांसाठी हलणार नाही, ती आशा धरू नका. पण पत्र्याचं कुंपण चार मीटर सरकू शकतं. कडेची झाडं वाचतात ती याच मुद्द्यावर.

वयाचा रकानाही तपासा. या कायद्याच्या 2021 च्या दुरुस्तीनंतर तोडलेल्या झाडाचं वय जितकी वर्षं, तितकी झाडं भरपाई म्हणून लावावी लागतात आणि 50 वर्षांवरचं झाड ‘वारसा वृक्ष’ ठरतं. त्यामुळे जुना वड 25 वर्षांचा दाखवला असेल, तर ती नुसती लेखनिकाची चूक समजून सोडू नका. संस्थेचे जुने फोटो, मूळ बांधकाम नकाशा, शेजारच्या ज्येष्ठांची प्रतिज्ञापत्रं, जे मिळेल ते लावा. ‘पुनर्रोपण’ असा शेरा असेल तर जागा कोणती, मुळांचा गोळा केवढा काढणार आणि पुढे पाणी कोण घालणार हे लेखी मागा.

आता कुंपणातल्या आंब्याचं. गवत काढायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागत नाही, हे खरं. पण 1975 च्या या कायद्यात झाडाला इजा करणंही तोडण्यातच धरलं जातं, त्यामुळे परवानगीआधी उतरवलेल्या फांद्यांची तक्रार वृक्ष अधिकाऱ्याकडे करा, प्रत पोलीस ठाण्यात द्या. शिवाय जागा तुमची आहे. जमिनीचं संपादन 2013 च्या भूसंपादन कायद्याने होत असेल, तर मोजणीसाठी झुडपं काढतानाही कलम 12 प्रमाणे मालक किंवा त्याचा लेखी प्रतिनिधी हजर हवा. नसल्यास किमान 60 दिवसांची नोटीस आधी द्यावी लागते. नुकसानीचे पैसे कलम 13 नुसार तिथल्या तिथे देऊ करायचे असतात. ताबा मात्र मोबदला चुकता झाल्यावरच. झाडांचं मूल्यांकन कलम 29 खाली वेगळं होतं, जमिनीच्या दरात ते गुंडाळू देऊ नका.

पुन्हा कोणी आलं तर परवानगीपत्र मागा, क्रमांक जुळवा, चित्रीकरण करा, 112 ला फोन लावा. अंगावर जाऊ नका. सरकारी कर्मचाऱ्याशी धक्काबुक्की झाली की भारतीय न्याय संहितेचं कलम 132 लागतं आणि मूळ प्रकरण बाजूला पडतं. झाडावर घरटं असेल तर वन विभागालाही कळवा. वन्यजीव अधिनियमात वन्य पक्ष्यांची अंडी-घरटी विस्कटणं शिकारीच्या व्याख्येत येतं.

हरकत फेटाळली, तर उच्च न्यायालयात संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली रिट याचिका. कागद आत्ताच वकिलाकडे तयार ठेवा. मुंबईत आरे वसाहतीतल्या मेट्रो कारशेडच्या प्रकरणात ऑक्टोबर 2019 ला सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली, तोवर दोन-तीन दिवसांत 2,141 झाडं आडवी झाली होती. रिटसाठी व्यवस्थापक समितीचा ठराव लागेल, त्यात सहीचा अधिकार कोणाला ते नावानिशी लिहा.