सरपंचांच्या हत्या नोंदवताना

प्रिय,

काश्मीर खोऱ्यातल्या पंच-सरपंचांच्या हत्यांची यादी तू करायला घेतली आहेस. मृतांचा आकडा काढून थांबू नकोस. या हत्यांमागे गावातलं पद ओस पाडण्याचा हेतू असतो, आणि तो साधला की नाही हे आकड्यातून कळत नाही. सप्टेंबर 2012 मध्ये बारामुल्ला जिल्ह्यातल्या पाल्हालनच्या सरपंचाची हत्या झाली, आणि पाठोपाठ कितीतरी पंच-सरपंचांनी स्थानिक वर्तमानपत्रांत जाहिराती देऊन राजीनामे जाहीर केले. म्हणून प्रत्येक हत्येपुढे एक रकाना ठेव: पुढच्या तीन महिन्यांत त्या ब्लॉकमध्ये, म्हणजे विकासगटात, किती राजीनामे आले? जाहिरातीतला राजीनामा आणि सरकारदरबारी पोचलेला राजीनामा वेगळे मोज. जाहिरात अतिरेक्यांनी वाचावी म्हणून दिलेली असते. रीतसर अर्ज गेलेला असतोच असं नाही.

रिकाम्या जागाही धर. 2018 च्या पंचायत निवडणुकीनंतर 12 हजारांहून अधिक जागा रिकाम्या होत्या. त्यांच्यासाठी फेब्रुवारी 2020 मध्ये पोटनिवडणूक जाहीर झाली आणि सुरक्षेच्या कारणावरून लगेच पुढे ढकलली गेली. मात्र सगळं खापर भीतीवर फोडू नकोस. 2018 ला दोन मोठ्या प्रादेशिक पक्षांचा बहिष्कारही होता.

वर्गवारीत हमखास घोटाळा होतो. जून 2020 मध्ये अनंतनाग जिल्ह्यात मारले गेलेले अजय पंडिता काँग्रेसचे सरपंच होते आणि काश्मिरी पंडितही. असा माणूस सरपंच, पक्ष कार्यकर्ते आणि काश्मिरी पंडित अशा तीन याद्यांत सापडतो आणि बेरजेत तीनदा मोजला जातो. पंचायतींची मुदत जानेवारी 2024 मध्ये संपली, त्यामुळे मे 2024 मध्ये शोपियांत मारला गेलेला सरपंच ‘माजी’ ठरतो. त्याला गाळू नकोस, वेगळ्या रकान्यात घे.

‘सुरक्षा होती का’ याचं हो-नाही उत्तर फसवं आहे. मागितली कधी, मिळाली का, गावात की दुसरीकडे, हे लिही. ऑगस्ट 2020 मध्ये काझीगुंडजवळचा सरपंच इतर सरपंचांसोबत सुरक्षित वसाहतीत राहत होता. घरी परतला आणि दाराजवळच मारला गेला. मार्च 2022 मध्ये कुलगामच्या सरपंचाला श्रीनगरच्या हॉटेलात ठेवलं होतं, असं पोलिसांनी सांगितलं. गोळ्या त्याला घरीच घातल्या. हॉटेलात जीव सुरक्षित राहतो, पण घर आणि कामं गावातच असतात. ही व्यवस्था इथेच तोकडी पडते.

मारेकऱ्यांबद्दल पोलिसांचं म्हणणं, संघटनेने घेतलेली जबाबदारी आणि न्यायालयाचा निकाल यांची कधीच सरमिसळ करू नकोस. माहिती अधिकारात संरक्षण मिळालेल्यांची नावं मागू नकोस. कुणाच्या जिवाला धोका होईल अशा माहितीबद्दलच्या कलम 8(1)(छ), म्हणजे इंग्रजीतल्या 8(1)(g), खाली ती नाकारली जातात, आणि ते योग्यच आहे. जिल्हावार संख्या माग.

आणि एक फार महत्त्वाचं. राजीनामा जाहीर करूनही कागदोपत्री पदावर असलेल्यांची यादी तुझ्याकडे तयार होईल. ती नावानिशी कुठेही देऊ नकोस, ऑनलाइन फाइलमध्येही ठेवू नकोस. छापायचं तर ब्लॉकचा आकडा छाप, आणि ब्लॉकमध्ये असे एक-दोघंच असतील तर ते जिल्ह्याच्या बेरजेत मिसळून टाक.