अविश्वास ठराव, विश्वासदर्शक ठराव आणि बहुमत चाचणी

अमळनेरच्या एका वाचकभाऊंनी विचारलंय: पेपरात कधी 'अविश्वास ठराव' छापतात, कधी 'अविश्वास प्रस्ताव', कधी 'विश्वासदर्शक ठराव', तर कधी 'बहुमत चाचणी'. हे सगळं एकच का? आणि 'मुख्यमंत्र्यांनी अविश्वास ठराव जिंकला' हे वाक्य बरोबर का?

भाऊ, एकच नाही. ठराव मांडतो कोण, यावर सगळं आहे. अविश्वास ठराव विरोधक आणतात, सरकार पाडायला. विश्वासदर्शक ठराव सरकार स्वतः मांडतं, बहुमत आपल्याकडे आहे हे दाखवायला. १७ एप्रिल १९९९ रोजी वाजपेयी सरकार २६९ विरुद्ध २७० असं एका मतानं पडलं. पारावर कुणालाही विचारा, 'अविश्वासात पडलं' असंच सांगेल. पण तो विश्वासदर्शक ठराव होता, खुद्द वाजपेयींनी मांडलेला. विश्वनाथ प्रताप सिंह (१९९०) आणि देवेगौडा (१९९७) यांची सरकारंही अशीच, स्वतःच मांडलेल्या ठरावावर गेली.

उलट, लोकसभेत अविश्वास ठराव आजवर एकदाही संमत झालेला नाही. पहिला १९६३ मध्ये आचार्य कृपलानींनी नेहरू सरकारवर आणला. बाजूनं ६२ मतं, विरोधात ३४७. पुढेही प्रत्येक ठराव फेटाळला तरी गेला, नाहीतर मतदानापर्यंत पोचलाच नाही. १९७९ मध्ये मोरारजी देसाईंनी मतदानाआधीच राजीनामा दिला होता. तेव्हा 'लोकसभेत अविश्वास ठराव संमत होऊन सरकार कोसळलं' असं वाक्य दिसलं, तर खुशाल लाल शाई वापरा.

आता ठराव की प्रस्ताव? काटेकोर बोलायचं तर सभागृहापुढे मांडलेला तो प्रस्ताव आणि सभागृहानं मंजूर केला की ठराव. पण मराठीत 'ठराव मांडणे' इतकं मुरलंय की आता ते उपटण्यात अर्थ नाही. ग्रामसभेतही आधी 'ठराव मांडला' म्हणतात आणि मग सूचक-अनुमोदकाची नावं लिहितात. मी दोन्ही चालवून घेतो.

आपल्या खान्देशात तर दोन्ही शब्द गळून नुसता 'अविश्वास' उरलाय. 'सरपंचवर अविश्वास उना' (म्हणजे आला) एवढं अहिराणीत म्हटलं की पुढचं सगळं समजतं: सदस्यांनी तहसीलदारांकडे नोटीस दिली, विशेष सभा लागणार, आणि तोवर काही सदस्य सहलीला गेलेले असणार. एका भाववाचक नामाचं इतकं ठोस कागदपत्र झालेलं दुसरं उदाहरण मला आठवत नाही.

पण गावचा हा शब्द तसाच्या तसा मुंबईला नेला की घोटाळा होतो. सरपंचावरचा अविश्वास त्या एका माणसावर असतो. तो गेला तरी पंचायत राहते. विधानसभेत तसं नाही. राज्यघटनेच्या कलम १६४ नुसार अख्खं मंत्रिमंडळ विधानसभेला सामुदायिकरीत्या जबाबदार असतं. म्हणून अविश्वास मंत्रिमंडळावर व्यक्त होतो आणि तो संमत झाला तर मुख्यमंत्र्यांसकट सगळ्यांना जावं लागतं. 'मुख्यमंत्र्यांवर अविश्वास' ही बोलायची सोय आहे, बातमीत 'सरकारवर' लिहावं. आणि जबाबदारी विधानसभेलाच असल्यानं विधान परिषदेत असा ठराव आणता येत नाही. एकट्या मंत्र्याला धरायचं असेल तर निंदाव्यंजक ठराव असतो. त्यात कारणं द्यावी लागतात, अविश्वासाला ती लागत नाहीत.

'बहुमत चाचणी' हे ठरावाचं नाव नव्हे. बहुमत राज्यपालांकडे आमदारांच्या याद्या देऊन नाही, सभागृहातच सिद्ध करायचं, त्या प्रक्रियेला तसं म्हणतात. ती बहुतेक वेळा विश्वासदर्शक ठरावाच्या रूपानं होते. जून २०२२ मध्ये उद्धव ठाकरे यांनी चाचणीला सामोरं जाण्याआधीच राजीनामा दिला, म्हणून 'ठाकरे बहुमत चाचणीत हरले' हेही चूकच. 'विश्वासमत' हिंदीतून आलंय. मथळ्यात कमी जागा लागते, एवढाच त्याचा गुण.

राहिलं 'जिंकला'. जो ठराव आपण मांडला तो आपण जिंकतो. जून २००२ मध्ये विलासराव देशमुखांच्या सरकारनं विश्वासदर्शक ठराव जिंकला, हे वाक्य चोख आहे (तेव्हा अध्यक्षांच्या खुर्चीत आपल्या चोपड्याचे अरुणभाई गुजराथी होते). अविश्वास ठराव मात्र दुसऱ्याचा. तो सरकार जिंकत नाही. तो फेटाळला जातो, बारगळतो किंवा मागे घेतला जातो. तुमच्या वाक्यात 'मुख्यमंत्र्यांनी अविश्वास ठराव जिंकला' ऐवजी 'सरकारवरचा अविश्वास ठराव फेटाळला गेला' असं करा.