आरमारी लढाईच्या जुन्या छापचित्राचा प्रिंट काढताय?

ट्रफाल्गरच्या (१८०५) लढाईचं मूळ चित्र १० इंच रुंद असेल आणि प्रिंट २० इंची हवा असेल, तर स्कॅन ६०० डीपीआयला (दर इंचाला ६०० ठिपके) घ्या. छापताना ३०० उरतात. डाग काढायला सरसकट डस्ट फिल्टर (सॉफ्टवेअरमधली आपोआप धूळ पुसणारी सोय) मात्र लावू नका. डोलकाठीचे दोर केसाएवढ्या रेघांचे असतात, फिल्टर त्यांनाच धूळ समजून पुसतो. २०० टक्के झूम करून एकेक डाग हातानेच काढा. वेळ जातो, पण दुसरा इलाज नाही. कागदाचा पिवळेपणा थोडा राहू द्या, पांढराफटक केला की रेघा उपऱ्या वाटतात. छपाई कॉटन रॅगवर (सुती कागदावर), पिगमेंट शाईत. ठाण्यात खाडीकडच्या भिंती पावसाळ्यात ओल धरतात, आणि दमट हवेत काचेला टेकलेला प्रिंट चिकटतो. मध्ये ॲसिड-फ्री माउंट (प्रिंटभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवाच, फ्रेम भिंतीला टेकू नये म्हणून मागे खालच्या कोपऱ्यांना रबरी टिकल्याही लावा.