बुंदीच्या ऑपरेशनला नाही म्हणताना

समुपदेशनाच्या पहिल्या भेटीच्या फॉर्मवर तिने ‘झोप लागत नाही’ एवढंच लिहिलं होतं. खुर्चीत बसल्यावर पिशवीतून एक्स-रेचा मोठा लिफाफा काढला, मांडीवर आडवा धरला आणि म्हणाली, “मॅडम, मी खरं तर आमच्या कुत्रीसाठी आलेय. चालेल ना?”

चालतं. ही लाज बाहेर ठेवून कोणी माझ्याकडे येत नाही, म्हणून हे आधीच सांगून टाकते. तिने ऑफिसात रजा मागताना आई आजारी असल्याचं सांगितलं होतं. कुत्रीला सलाईन लावलंय म्हणून सुट्टी हवी, हे बोलायची तिची हिंमत झाली नव्हती. ज्या दुःखाला भोवतालचे लोक दुःख मानतच नाहीत, ते माणसाला एकट्यानेच गिळावं लागतं. शोकाचा अभ्यास करणाऱ्या केनेथ डोका यांनी १९८९ साली याच दुःखाला वेगळं नाव देऊन त्यावर लिहिलं. पाळलेल्या जनावराचं आजारपण आणि जाणं त्यात नेमकं बसतं.

तिचा प्रश्न मला वर्षातून बरेच जण विचारतात : पाळलेल्या जिवाच्या आजारपणावर किती खर्च करायचा, आणि कुठेतरी ‘आता नाही जमत’ म्हटलं तर आपण वाईट माणसं ठरतो का? या घराची गोष्ट त्यांच्या परवानगीने सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत, कुत्रीचं नावही.

बुंदी म्हणजे पिवळ्या रंगाची लॅब्रॅडॉर, अकरा महिन्यांची. तीन महिन्यांची असताना, लशी पूर्ण व्हायच्या आतच तिला पार्व्हो हा विषाणूचा आजार झाला. उलट्या, रक्ताचे जुलाब, पाच दिवस सलाईन. त्यातून ती वाचली. (पिल्लू घरी आणणाऱ्यांनो, शेवटचा डोस सोळा आठवड्यांचं झाल्यावर पडतो, तोवर त्याला बाहेरच्या जमिनीवर, अनोळखी कुत्र्यांत सोडू नका. एक इंजेक्शन दिलं म्हणजे झालं, असं नसतं.) नवव्या महिन्यात ती जिन्यावर अडखळायला लागली. पळताना मागचे दोन्ही पाय एकदम उचलायची, सशासारखे. भूल देऊन एक्स-रे काढला, तेव्हा कळलं की दोन्ही खुब्यांच्या वाट्या उथळ आहेत आणि मांडीच्या हाडाचा गोळा त्यात धड बसतच नाही. हिप डिसप्लेसिया. सांधे बदलायचा जो खर्च सांगितला, तो तिच्या पाच महिन्यांच्या पगाराएवढा होता. डोक्यावर घराचा हप्ता, आणि पार्व्होच्या वेळचं क्रेडिट कार्डाचं बिल अजून फिटायचंय.

“एकदा मरणाच्या दारातून आणलीय तिला. आता पैशासाठी सोडू?”

त्या पहिल्या तासात मी तिला फक्त एक काम सांगितलं. तिच्याकडे खर्चाची छोटी वही होती, ती मोठ्याने वाचायला लावली. सलाईन, रक्ततपासणी, पुन्हा रक्ततपासणी, भूल, एक्स-रे, रिक्षा. प्रत्येक ओळ तिने वाचली, पण बेरीज वाचेना. शेवटी वही माझ्याकडे सरकवून म्हणाली, “तुम्हीच वाचा.” मी आकडा वाचला. मग ती रडली, आणि थोड्या वेळाने म्हणाली की ऑपरेशनसाठी तिने बांगड्यांवर कर्ज काढायची चौकशी केलीय, घरात कोणालाच माहीत नाही.

माझ्या मते त्या घरातलं सगळ्यात मोठं दुखणं हे लपवणं होतं. पैसा कमी असणं घराला सोसतं. कोणी गुपचूप दागिने गहाण टाकायला निघालंय, हे नंतर कळलं की सोसत नाही.

पुढच्या वेळी नवऱ्याला बोलावलं. तो खुर्चीच्या अगदी कडेला बसला होता. “एक कुत्री आहे ती” हे वाक्य तो घरी बोलला होता, आणि ती महिनाभर त्या वाक्यावर जळत होती. मी त्याला पार्व्होच्या पाच दिवसांबद्दल विचारलं. बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “रात्री क्लिनिकमध्ये मी थांबायचो. ही घरी जायची. खालची चादर मी बदलायचो. तो वास अजून जात नाही नाकातून. मला तिला परत टेबलावर पडलेली बघायची नाहीये.” बायकोने हे पहिल्यांदाच ऐकलं. ज्याला ती कंजूषपणा समजत होती, ती त्याची भीती होती.

दमणूक या दोघांपुरती नव्हती. अमेरिकेत मेरी बेथ स्पिट्झनेगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली २३८ प्राणी पाळणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या घरी दीर्घकाळ आजारी कुत्रं किंवा मांजर होतं, त्यांच्यात सेवेचा ताण आणि उदासीची लक्षणं जास्त दिसली. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची सेवा करणाऱ्यांत आम्ही बघतो, तीच ही दमणूक. मी हे दोघांना सांगितलं, तेव्हा तो खुर्चीत जरा मागे टेकून बसला.

मग पैशाचं बोलणं. मी त्यांना दोन आकडे ठरवायला सांगितले, आणि तेही बिल समोर नसताना. दर महिन्याला बुंदीसाठी काढता येईल अशी रक्कम, आणि अचानक काही उद्भवलं तर एका वेळी जास्तीत जास्त किती. त्यापलीकडे कर्ज नाही, दागिने नाहीत, हेही लिहायचं. आकडे वहीच्या पहिल्या पानावर दोघांच्या अक्षरात उतरले. क्लिनिकच्या काउंटरवर, कुत्री आत कण्हत असताना, कोणालाही धड हिशेब करता येत नाही. तो हिशेब आधीच झालेला असला तर तिथे फक्त वही उघडायची असते.

विम्याचंही विचारून झालं. आजार कळल्यावर काढलेल्या पॉलिसीत त्या आजाराचा खर्च सहसा मिळत नाही. तो विचार पिल्लू धडधाकट असतानाच करावा लागतो.

यानंतर ती वही घेऊन दोघं डॉक्टरांकडे गेले. चार प्रश्न आम्ही आधी लिहून काढले होते. ऑपरेशन केलं नाही तर पुढे काय होईल? या आकड्यात बसेल असं सगळ्यात चांगलं काय करता येईल? तिला दुखतंय हे आम्ही कशावरून ओळखायचं? आणि निर्णय आज घ्यायलाच हवा का? तिला वाटत होतं, पैशांची मर्यादा सांगितली की डॉक्टर तुच्छतेने बघतील. डॉक्टर म्हणाले, “हे आधी सांगितलं असतंत तर मी बोलणं तिथूनच सुरू केलं असतं.” सगळ्यात महाग उपचार आणि काहीच न करणं, यांच्या मधे बरीच जागा असते, पण विचारल्याशिवाय ती दिसत नाही.

दुसरं मत घ्यायला त्यांनी शिरवळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठलं. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना लागतं. जिथे शिकवतात तिथे खर्च बराच कमी पडतो, तरी कित्येकांना ते आठवतच नाही. मुंबईकरांना परळचं बैलघोडा हॉस्पिटल ठाऊक असतं, १८८६ पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथेच आहे. नागपूरलाही आहे. त्यांच्या डॉक्टरांकडून आणि शिरवळहून उत्तर साधारण एकच मिळालं : लगेच ऑपरेशन केलंच पाहिजे अशी स्थिती नाही. वाढ पुरी होता होता सांध्याभोवतीचं मांस आणि ऊती घट्ट होतात, आणि अशा बऱ्याच कुत्र्यांचं दुखणं आटोक्यात राहतं. नाही राहिलं, तर मांडीच्या हाडाचा गोळा काढून टाकायचं ऑपरेशन आहे, ते सांधा बदलण्यापेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. तोवर स्नायू बळकट करायचे, घसरत्या फरशीवर सतरंज्या अंथरायच्या, गरजेला कुत्र्यांसाठीचंच वेदनाशामक द्यायचं, आणि वजन उतरवायचं. बुंदी ३१ किलोंची होती. ती २७ वर यायला हवी होती.

वजनाची गोष्ट ऐकून ती खट्टू झाली. एवढ्या मोठ्या आजाराला हे उत्तर? अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर जन्मभर पाळून केलेला एक अभ्यास २००२ साली छापून आला. त्यांच्या जोड्या लावून जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी खायला घालत. कमी खाणारे सरासरी तेरा वर्षं जगले, दुसरे अकरा वर्षं आणि थोडं वर, आणि कमी खाणाऱ्यांचे खुबेही उशिरा झिजले. ज्याला पैसा लागत नाही, त्यालाच इथे एवढं बळ आहे.

अडचण होती सासूबाईंची. कराडहून त्या मुलाकडे राहायला आलेल्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या होत्या, “आमच्या दारात कुत्री भाकरीवर जगली, एवढं कौतुक कशाला?” आणि त्याच रोज संध्याकाळी तूप लावलेली चपाती बुंदीला भरवायच्या. एकदा तर स्वतःच्या गुडघेदुखीची अर्धी गोळी तिला द्यायला निघाल्या. “मला उतार पडतो, तिला का नाही?” सुनेने हात धरला म्हणून बरं. माणसांच्या दुखण्याच्या गोळ्या, आयब्युप्रोफेन असो, डायक्लोफेनॅक असो, कुत्र्याच्या पोटात अल्सर करतात, मूत्रपिंड निकामी करतात. पॅरासिटामॉलही मनाने देऊ नका. हे मायेपोटीच घडतं, म्हणून प्रत्येक घरात बजावून सांगते.

मी सुनेला सुचवलं की आईंना चपातीवरून टोकू नका, बुंदीच्या बरगड्या बघायचं काम त्यांच्यावर सोपवा. बोटांना बरगड्या सहज लागल्या पाहिजेत. सासूबाईंनी ते मनावर घेतलं. चपाती गेली, तिच्या जागी गाजराचा तुकडा आला, आणि आजी नि बुंदी दोघी संध्याकाळी सोसायटीत सावकाश चालायला लागल्या.

एक बोलणं मी टाळू दिलं नाही. पुढे वेदना आवरेनाशा झाल्या तर काय? त्यावर बुंदीला आवडणाऱ्या तीन गोष्टी त्यांनी लिहिल्या : सकाळी दूधवाल्याची चाहूल लागली की दाराशी जाऊन बसणं, दिवाणाखालचा चेंडू काढून मागणं, आजीच्या पायांवर मान टाकून झोपणं. यातल्या दोन तिने सोडल्या, की डॉक्टरांशी त्या विषयावर मोकळेपणी बोलायचं, असं तिघांनी मिळून ठरवलं. ते लिहिताना नवऱ्याचा हात थरथरत होता, पण लिहिलं त्यानेच. त्या रात्री आपण सलग सहा तास झोपल्याचं तिने मला नंतर सांगितलं.

स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर रोज खूण करायची, चांगला दिवस गोल, वाईट दिवस फुली, एवढं एकच मी घरी करायला दिलं होतं. आठवणीत वाईट दिवसच राहतात, कागदावर दोन्ही राहतात.

आठ महिन्यांनी ती शेवटची भेटायला आली, तेव्हा बुंदी साडेसत्तावीस किलोंची झाली होती. सांधे बदललेले नाहीत. कधीतरी ऑपरेशन करावं लागेलही, त्यासाठी महिन्याची रक्कम वेगळ्या खात्यात जाते. तिने मोबाइलवर कालनिर्णयच्या पानाचा फोटो दाखवला. जुलैत पावसाच्या दिवसांत फुल्या होत्या, ओळीने तीन-चार. मग गोल. एका चौकोनात गोलाशेजारी सासूबाईंच्या मोठ्या, वाकड्या अक्षरात लिहिलं होतं : आज दोघींचे पाय बरे.