ऋतू आणि सणांवरचे बारा क्विल्ट ब्लॉक मशीनवर शिवायचे आहेत. सुरुवात कोणत्या ब्लॉकने करावी, आणि सगळे एकाच मापाचे कसे येतील?

सुरुवात मेपलच्या पानाने करा (ब्लॉक म्हणजे तुकडे जोडून केलेला क्विल्टचा, गोधडीचा, एक चौकोन). बेअर्स पॉ, म्हणजे अस्वलाच्या पंजाचा ब्लॉक, चित्रात सोपा दिसतो, पण तो पहिला घेऊ नका. तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग मला जास्त जवळचा आहे. सगळे ब्लॉक एकाच मापाचे कसे आणायचे यावरून आमच्या क्विल्टिंग गटात जुना वाद आहे आणि तो अजून मिटलेला नाही.

आधी पान. मेपल लीफमध्ये तीन बाय तीन अशी नऊ घरं असतात. शिवून झाल्यावर १२ इंची ब्लॉक हवा असेल तर प्रत्येक घर शिवून ४ इंच, म्हणजे कापताना साडेचार (चारी बाजूंना पाव इंच शिलाईची माया). पानाच्या रंगाचे तीन अख्खे चौकोन, मागच्या रंगाचा एक, देठाचा एक, आणि दोन रंगांचे तिरपे जोडलेले चार. या शेवटच्यांना हाफ स्क्वेअर ट्रँगल म्हणतात, मी पुढे एचएसटी लिहिते.

देठासाठी मागच्या रंगाचा साडेचार इंची चौकोन तिरपा कापा, मधे दीड इंच रुंद आणि साडेसात इंच लांब पट्टी घाला, दोन्ही शिलाया पट्टीकडे इस्त्री करा आणि मग साडेचारला छाटा. पट्टीची दोन्ही टोकं बाहेर आलेली असली पाहिजेत. पट्टी सहा इंचाची घेतली तर कोपरे उघडे राहतात, आणि ते कळतं सगळं शिवून झाल्यावर.

एचएसटीसाठी पानाच्या रंगाचा एक आणि मागच्या रंगाचा एक चौकोन सुलटी बाजू आत ठेवून जुळवायचा, उलट्या बाजूला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पेन्सिलची रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंना पाव इंचावर टीप मारायची आणि रेघेवर कापायचं. एका जोडीतून दोन एचएसटी निघतात, म्हणजे एका पानाला दोन जोड्या पुरतात. आता हा चौकोन किती इंचाचा कापायचा? पुस्तकी माप ४ ७/८. मी ५ इंच कापते आणि शिवल्यावर साडेचारला छाटते. वाद आहे तो इथेच.

एका शरद ऋतूत गटाने मेपलच्या पानांची अदलाबदल ठरवली. नकाशा एक, मागचं कापड एकाच ठाणातलं, पानांचे रंग ज्याचे त्याचे. ब्लॉक जमले तेव्हा मोजपट्टी लावली. ते साडेबारा यायला हवे होते (१२ इंच आणि चारी बाजूंची पाव इंच माया). काही सव्वाबारा होते, काही साडेबारा, काही १२ ५/८ आणि कडांना लाट आलेली. लहान-मोठे ब्लॉक एका ओळीत जोडले की कुठेतरी चुणी पडते किंवा ओढ बसते, आणि ती धुतल्यावरही जात नाही.

सव्वाबारा का झाले? टीप पाव इंचाऐवजी सुताच्या निम्म्याने, म्हणजे १/१६ इंचाने आत गेली होती. एका शिलाईत दोन तुकडे असतात, त्यामुळे प्रत्येक शिलाईला १/८ इंच कमी. ओळीत तीन घरं, दोन शिलाया, पाव इंच गेलं. बारा ५/८ वाले ब्लॉक वाफेच्या इस्त्रीने वाढलेले होते. एचएसटीची तिरपी कड उरेब, म्हणजे कापडाच्या विणीला तिरकी, असते आणि ओल्या कापडावर इस्त्री ढकलली की उरेब ताणला जातो. इस्त्री उचलायची, ठेवायची, उचलायची. ढकलायची नाही, आणि वाफ बंद.

त्या दिवशी गटातल्या एका अनुभवी बाईंनी सांगितलं की छाटणं हे ज्यांना नेमकं शिवता येत नाही त्यांचं काम, शिवाय कापड वाया जातं. हे वाक्य मी तेव्हापासून बऱ्याच नवशिक्यांच्या तोंडून ऐकलंय, म्हणून इथे हिशोब मांडते.

कापडाचा वापरता येण्याजोगा पन्हा ४२ इंच धरा. ४ ७/८ इंचाचे चौकोन त्यात आठ बसतात. ५ इंचाचेही आठच बसतात. फरक फक्त पट्टीच्या उंचीत पडतो, १/८ इंचाचा. बारा पानांच्या मागच्या रंगाला असे २४ चौकोन लागतात, म्हणजे तीन पट्ट्या, म्हणजे एकूण ३/८ इंच जास्त कापड. साडेचार इंची २४ चौकोन (अख्खे आणि देठाचे) एका पट्टीत नऊ या हिशोबाने आणखी तीन पट्ट्यांतून निघतात. सगळं मिळून साडेअठ्ठावीस इंच. दुकानात तुम्ही एक यार्ड घेणार, म्हणजे ३६ इंच. छाटूनही साडेसात इंच शिल्लक राहतं. वाया काय गेलं?

आता दुसरी बाजू. ४ ७/८ च्या चौकोनात टीप १/१६ ने आत गेली की एचएसटी साधारण ४ ७/१६ येतो. साडेचारपेक्षा लहान, आणि लहान तुकडा मोठा करता येत नाही. ५ इंचाच्या चौकोनात तीच चूक झाली तरी तुकडा साडेचारपेक्षा केसभर मोठाच येतो आणि छाटता येतो. छाटताना मोजपट्टीवरची ४५ अंशांची रेघ बरोबर शिलाईवर ठेवा, आधी दोन बाजू कापा, तुकडा फिरवा, मग उरलेल्या दोन. शिलाई कोपऱ्यातून निघाली नाही तर पानाचं टोक बोथट होतं.

न छाटण्याचा अभिमान येतो कुठून, तेही मला कळतं. कॅन्सस सिटी स्टार या वर्तमानपत्रात १९२८ ते १९६१ ब्लॉकचे नकाशे छापून यायचे. ओल्फा कंपनीचा रोटरी कटर, म्हणजे गोल फिरत्या पात्याचा कापड कापायचा कटर, आला १९७९ साली. त्याआधी पुठ्ठ्याचा साचा, पेन्सिल आणि कात्री यांवर काम चालायचं. हाताने शिवणाऱ्या बायका शिलाईचीच रेघ आखून घेत आणि रेघेवर धावदोरा घालत. रेघ बरोबर असली की बाहेरची माया कमी-जास्त असली तरी बिघडत नाही, छाटायची गरजच नसते. त्यांचा नियम त्यांच्या पद्धतीला अगदी बरोबर होता. मशीनवर आपण कापडाची कड धरून शिवतो. कड चुकली की माप चुकतं. हाताच्या कामाचा नियम उचलून मशीनवाल्यांना कमी लेखणं मला मान्य नाही.

मात्र छाटल्याने एचएसटी सुधारतो, ओळींच्या शिलाया नाही. त्यासाठी पाव इंच तपासा. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी शिवा, इस्त्री करा, मोजा. मधली पट्टी नेमकी १ इंच आणि एकूण रुंदी साडेतीन आली पाहिजे. कमी आली तर टीप दोन धागे बाहेर घ्या, कारण कापड दुमडतानाही थोडी रुंदी खातं. पाव इंची फूट लावला म्हणून निर्धास्त राहू नका, सुई मधोमध नसेल तर तोही चुकवतो. मशीनच्या पाट्यावर मास्किंग टेपचे चार-पाच थर एकावर एक चिकटवून कठडा केला की कड सरकत नाही. ५० नंबरचा सुती दोरा, ८०/१२ ची सुई, टाका २ ते अडीच मिलिमीटर. कापायच्या आधी कापडाला खळ द्या, नंतर नाही.

ओळी जोडताना पहिल्या आणि तिसऱ्या ओळीच्या शिलाया बाहेरच्या बाजूला, मधल्या ओळीच्या आत अशी इस्त्री करा. उलट दिशेच्या शिलाया बोटाखाली एकमेकींत अडकलेल्या कळतात. तिथे टाचणी लावा. नाही तर कोपरे जुळत नाहीत.

बेअर्स पॉ नको म्हटलं ते याच कारणाने. १४ इंची ब्लॉकमध्ये २ इंची घरं असतात आणि पंजाचा मोठा चौकोन साडेचारला कापलेला असतो. त्याच्या कडेला दोन नखांची, म्हणजे दोन छोट्या एचएसटींची, पट्टी लागते. मोठ्या चौकोनात शिलाई नाही, नखांच्या पट्टीत एक आहे. टीप १/१६ ने चुकली तर पट्टी ४ ३/८ आणि चौकोन साडेचार. मग माणूस पट्टी ओढून बसवतो आणि ब्लॉक मधोमध फुगतो. पाव इंच हातात बसल्यावर हा ब्लॉक जरूर करा, हिवाळ्याच्या चार महिन्यांत कुठेही शोभतो.

ख्रिसमससाठी सॉटूथ स्टार. १२ इंचाला मधला चौकोन साडेसहा, चार कोपरे साडेतीन, आणि चार फ्लाइंग गीझ (मधे मोठा त्रिकोण, दोन्ही बाजूंना लहान त्रिकोण असलेले आयत) एकदम: मागच्या रंगाचा ७ १/४ चा एक चौकोन आणि ताऱ्याच्या रंगाचे ३ ७/८ चे चार. गीझच्या टोकावर पाव इंच कापड उरलं पाहिजे. ते उरलं नसेल तर टोक शिलाईत जातं. जोडताना गीझ वरच्या बाजूला ठेवा म्हणजे टाके जिथे फुलीसारखे छेदतात ती जागा दिसते. टीप त्या फुलीला चाटून गेली पाहिजे.

दिवाळीचा आकाशकंदील आणि संक्रांतीचा पतंग कागदावर शिवा, म्हणजे फाउंडेशन पेपर पीसिंग. सुई ९०/१४, टाका दीड मिलिमीटर, म्हणजे कागद फाडताना टीप उसवत नाही. चित्र कापडावर आरशासारखं उलटं येतं. कंदील दोन्ही बाजूंनी सारखा असल्याने फरक पडत नाही, पतंगाची शेपटी मात्र दुसऱ्या बाजूला जाते, तेव्हा नकाशा आधीच उलटा छापा.

पानं छापलेलं कापड पानाच्या ब्लॉकला वापरू नका. ४ इंचाच्या घरात मोठी छपाई अर्धवट कापली जाते आणि ब्लॉकचा आकार हरवतो. ऋतू दिसतो तो गडद आणि फिक्या रंगांतल्या अंतरामुळे. तुकडे शेजारी मांडून फोनवर कृष्णधवल फोटो काढा. पान आणि मागचा रंग एकाच करड्या छटेचे दिसले तर एक बदला. विटकरी लाल आणि गडद हिरवा हमखास सारखे दिसतात, ख्रिसमसचे निम्मे ब्लॉक इथेच फसतात.

काही गोष्टी राहिल्या. हाताने शिवणार असाल तर वरचा छाटण्याचा सगळा भाग सोडून द्या. जुन्या सुती साडीचा तुकडा वापरायचा असेल तर तो क्विल्टिंगच्या कापडापेक्षा पातळ आणि विरळ असतो. कापायच्या आधी मागच्या बाजूने हलकं फ्युझिंग (इस्त्रीने चिकटणारं अस्तर) चिकटवा, नाही तर छाटताना मोजपट्टीखाली सरकतो. ब्लॉक आधीच लहान-मोठे झाले असतील तर उसवू नका. प्रत्येकाला चारी बाजूंनी दीड इंचाची पट्टी लावा आणि सगळे एका मापाला, १४ इंचाला, छाटा. अदलाबदलीतले ते ब्लॉकही शेवटी असेच बसले. लाल आणि गडद निळं कापड फिक्याबरोबर जोडण्याआधी पांढऱ्या ओल्या फडक्याखाली दाबून इस्त्री करून बघा. फडक्यावर रंग आला तर धुवून घ्या, आणि मग सगळीच कापडं धुवा, कारण धुतलेलं आणि कोरं कापड एकाच ब्लॉकमध्ये वेगवेगळं आटतं.