बिनबॅटरीच्या पेनासाठी चालू टॅबलेट बदलावा का?

आपण चित्रकलेच्या शिकवण्या घेता आणि आपल्या तीन वर्षांच्या टॅबलेटचे पेन आता चार्जच होत नाही. त्याच प्रकारचे नवे पेन ८,००० रुपयांना मिळते. पण दर काही वर्षांनी लिथियमचा सेल कचऱ्यात जाणे आपल्याला पटत नाही, म्हणून जुना टॅबलेट ६,००० रुपयांना मोडीत देऊन बिनबॅटरीच्या पेनाचा ५२,००० रुपयांचा संच हप्त्यांवर घ्यावा का, असे आपण विचारले आहे. टॅबलेट ठणठणीत असेल, तर आत्ता घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बिनबॅटरीचे पेन पर्यावरणाच्या दृष्टीने सरस आहे, यात वाद नाही. वाकॉम कंपनीच्या ज्या तंत्रावर सॅमसंगचे एस पेन चालते, त्यात पडद्याखालच्या तारांच्या जाळीतून पेनातील वेटोळ्याला लिहितानाच ऊर्जा मिळते. झिजते ते टोक, आणि ते चिमट्याने उपसून घरीच बदलता येते. लिथियमच्या पेनात मात्र सेल बहुधा बंदिस्त असतो, त्यामुळे तो संपला की अख्खे पेन बाद होते. पण ती तारांची जाळी टॅबलेटमध्येच असावी लागते, म्हणजे पेनासाठी अख्खा टॅबलेट बदलावा लागतो, आणि खरी मेख तिथेच आहे. उदाहरणार्थ, आयपॅडवर चालणाऱ्या पहिल्या ॲपल पेन्सिल या पेनातला सेल ०.३२९ वॉट-तासांचा होता, तर २०२२ च्या दहाव्या पिढीच्या आयपॅडची बॅटरी २८.६ वॉट-तासांची, म्हणजे सुमारे ८७ पट. चिमुकला सेल वाचवण्यासाठी एवढी बॅटरी, पडदा आणि सर्किट नव्याने घडवून घेणे मला पर्यावरणाच्या हिताचे वाटत नाही, कारण अशा उपकरणांच्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा भाग वापरात नव्हे, निर्मितीत होतो.

पैशाचा हिशेबही याच बाजूचा आहे. नव्या पेनाने टॅबलेट आणखी तीन वर्षे चालला, तर महिन्याला सुमारे २२२ रुपये पडतात. नवा संच सहा वर्षे टिकला, असे धरले तरी जुन्या टॅबलेटचे ६,००० वजा करून ६३९ रुपये. शिवाय ‘विनाव्याज’ हप्त्यांत प्रक्रिया शुल्क, व्याजावरचा जीएसटी आणि हुकलेली रोख सवलत यांचा भार असतोच. त्यापेक्षा दरमहा १,००० रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडावे. तीन वर्षांत ३६,००० रुपये आणि व्याज जमेल, तेव्हा बिनबॅटरीचा संच बहुतांशी रोखीने घ्यावा.

नवे पेन सुट्टीत महिनोन्महिने पूर्ण उतरलेले ठेवू नये, त्याने सेल कायमचा निकामी होऊ शकतो. जुने पेन सुक्या कचऱ्यात मुळीच टाकू नये, कारण सेल चिरडला गेल्यास आग लागू शकते. ते अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावे. टॅबलेटची स्वतःची बॅटरीच खंगली असेल, तर सेवा केंद्रातून आधी बदलीचा खर्च काढावा, आणि पेनासह तो नव्या संचाच्या निम्म्यावर गेला, तरच नव्या संचाचा विचार करावा.